आफ्रिकेतील सौम्य विद्युत्-माशांची गुणसूत्रे : चाळिसाच्या आकड्याचा अर्थ

नैऋत्य इथिओपियातून वाहत जाऊन श्वेत नाईलला मिळणाऱ्या नद्यांतील दोन माशांच्या गुणसूत्रांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हायपेरोपिसस बेबे आणि पॉलिमायरस इसिडोरी ही त्या माशांची शास्त्रीय नावे. दोहोंच्या पेशींत प्रत्येकी ४० गुणसूत्रे आढळली. मॉर्मिरिडी या त्यांच्या कुलात तोवर नोंदलेली ही सर्वांत कमी संख्या होय. त्याच प्रदेशातील पॉलिमायरसच्या आणखी एका, अद्याप नाव न मिळालेल्या जातीतही ४० गुणसूत्रे आधीच मोजली गेली होती. मासे तीन आणि आकडा एक. एवढ्यावरून हे तिन्ही मासे एकमेकांचे निकटचे आप्त ठरतात काय, हा प्रश्न वरवर पाहता मत्स्यशास्त्रज्ञांपुरता वाटतो. परंतु त्याचे उत्तर ज्या रीतीने शोधावे लागते ती रीत मत्स्यबीज केंद्र, पशुपैदास आणि कीटकशास्त्राची प्रयोगशाळा या सर्व ठिकाणी उपयोगी पडणारी आहे. म्हणून तिचा परिचय येथे थोडा विस्ताराने करून दिला आहे.

प्रारंभी शब्दांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. या लेखात जाती हा शब्द स्पीशीज या अर्थी आणि प्रजाती हा शब्द जीनस या अर्थी वापरला आहे. मराठीत या दोन शब्दांची अदलाबदल इतकी होते की असा खुलासा न केल्यास पुढील आकडेवारीचा अर्थच बदलेल.

मासे कोणते

मॉर्मिरिडी कुलातील मासे केवळ आफ्रिका खंडातील गोड्या पाण्यात आढळतात. या कुलात २२ प्रजाती आणि सुमारे २३० जाती आहेत. काहींची हनुवटी वा तोंडाचा पुढील भाग सोंडेप्रमाणे लांबलेला असतो. त्यावरून त्यांना हत्तीमासे म्हणतात. सर्वांनाच सोंड असते असे मात्र नाही. मॉर्मिरॉप्स अँग्विलॉइडेस हा लांबट देहाचा, मीटरभराहून अधिक वाढणारा आणि खाण्यासाठी पकडला जाणारा मासा याच कुलातला, आणि बोटभर लांबीचा पॉलिमायरसही याच कुलातला. प्राचीन इजिप्तमध्ये नाईलमधील मॉर्मिरस माशाला धार्मिक प्रतिष्ठा होती. ऑक्सिरिंकस या नगराचे ग्रीक नावच मुळी या अणकुचीदार तोंडाच्या माशावरून पडले आहे.

ज्या गणात हे कुल मोडते त्यात ॲमेझॉनमधील अरापैमा, शोभेचा म्हणून विकला जाणारा अरोवाना आणि आपल्याकडील चितळ व फोली हे चपट्या पात्यासारखे मासे येतात. फोली, म्हणजे नोटॉप्टेरस नोटॉप्टेरस, महाराष्ट्रातील नद्या-जलाशयांतही सापडतो. भारतीय वाचकाच्या दृष्टीने आफ्रिकेतील विद्युत्-माशांचा सर्वांत जवळचा ओळखीचा नातलग तोच. हाडांच्या माशांच्या वंशवृक्षात हा गण फार पूर्वी वेगळा झालेल्या शाखांपैकी एक आहे, त्यामुळे त्यातील गुणसूत्रांच्या रचनेवरून प्राचीन अवस्थेचा माग काढता येईल अशी अभ्यासकांची अपेक्षा असते.

या माशांची खरी ख्याती मात्र त्यांच्या विजेमुळे. शेपटीच्या मुळाशी स्नायूंपासून रूपांतरित झालेले विद्युत्-अवयव असतात. त्यांतून निघणारा स्पंद फार तर काही व्होल्टचा असतो. नाईलमधीलच मॅलाप्टेरूरस हा विद्युत्-शिंगाळा शेकडो व्होल्टचा धक्का देऊन भक्ष्य बधिर करतो. हत्तीमाशांच्या विजेचा तसा काहीही उपयोग नाही. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात माशांचे विद्युत्-अवयव ही निसर्गनिवडीच्या सिद्धांतापुढील विशेष अडचण असल्याचे मान्य केले होते; प्रबळ विद्युत्-अवयव एकदम उपजले कसे, आणि ते दुर्बळ असताना उपयोगाचे तरी कसे होते, हा पेच होता. तो सुटण्यास जवळजवळ शतक लागले. केंब्रिज येथील हॅन्स लिसमान यांनी १९५१ मध्ये जिम्नार्कस निलोटिकस हा मासा अखंड सौम्य विद्युत्-लहरी सोडत असतो हे दाखवून दिले. पुढे १९५८ मध्ये त्यांनी आणि केनेथ मेशिन यांनी, हा मासा आपल्याभोवतीच्या विद्युत्-क्षेत्रातील बदलांवरून अंधारात वस्तू ओळखतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. गढूळ पाण्यात आणि रात्री वावरणाऱ्या या माशांना विजेमुळे वाट सापडते आणि परस्परांची ओळखही पटते. प्रत्येक जातीच्या स्पंदाचा आकार व कालावधी वेगळा असतो. गॅबॉनमधील इव्हिंडो नदीत पॅरामॉर्मिरॉप्स प्रजातीचे असे अनेक प्रकार आहेत की ते बाह्यरूपावरून वेगळे सांगणे अतिशय कठीण. त्यांचे विद्युत्-स्पंद ध्वनिमुद्रित केले तर भेद स्पष्ट होतात.

बाह्यरूप फसवे असते तेव्हा वर्गीकरणकार अन्य पुरावा शोधतो. विद्युत्-स्पंद हा एक पुरावा, डीएनएचा अनुक्रम दुसरा. गुणसूत्रे हा तिसरा.

मोजणी आणि भुजा

माशाची गुणसूत्रे पाहण्याची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. जिवंत माशाला कॉल्चिसिनचे इंजेक्शन देतात. या अल्कलॉइडमुळे विभाजन पावत असलेल्या पेशी मध्यावस्थेत थबकतात, कारण गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तंतू तयार होत नाहीत. काही तासांनी वृक्काच्या पुढील भागातील पेशी काढतात. माशांत रक्तपेशी तेथे तयार होत असल्याने विभाजनाचा वेग तेथे चांगला असतो. पोटॅशियम क्लोराइडच्या विरल द्रावणात पेशी फुगवून, मिथेनॉल व ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करून काचपट्टीवर पसरतात आणि गिम्सा रंगाने रंगवतात. अडचण येते ती प्रत्यक्ष पाहताना. माशांची गुणसूत्रे आकाराने लहान असतात, एकमेकांवर पडतात आणि फुटलेल्या पेशीतून एखादे निसटून जाते. म्हणून एका पेशीवर विसंबून न राहता अनेक पेशींत मोजणी करून सर्वाधिक वेळा येणारी संख्या स्वीकारतात. ही सावधगिरी अनाठायी नाही. मानवाची गुणसूत्रे ४८ आहेत असे १९२० च्या दशकापासून तीस-एक वर्षे पाठ्यपुस्तके शिकवीत होती. ती ४६ आहेत हे १९५६ मध्ये जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी दाखवले.

संख्येइतकेच महत्त्व गुणसूत्राच्या आकाराला आहे. गुणसूत्रबिंदू मध्याजवळ असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना भुजा दिसतात. अशी गुणसूत्रे मध्यकेंद्री किंवा उपमध्यकेंद्री. तो टोकाशी असेल तर व्यवहारात एकच भुजा मोजली जाते. पेशीतील सर्व भुजांची बेरीज म्हणजे मूलभूत भुजासंख्या. येथे कीटकांविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण, तसेच पतंग व फुलपाखरे यांच्या गुणसूत्रांत एका ठिकाणी एकवटलेला गुणसूत्रबिंदू नसतो. त्याचे कार्य गुणसूत्राच्या लांबीभर पसरलेले असते. त्या कीटकांत भुजा मोजण्याला अर्थच उरत नाही. मासे, गुरे, नाकतोडे यांच्यात मात्र ही मोजणी अतिशय बोलकी ठरते.

गुणसूत्रांची रचना बदलते तेव्हा हे दोन आकडे वेगवेगळ्या रीतीने हलतात, आणि हीच या अभ्यासाची गुरुकिल्ली आहे. दोन एकभुजी गुणसूत्रे बुंध्याशी जोडली गेली तर एक द्विभुजी गुणसूत्र तयार होते. गुणसूत्रसंख्या घटते, भुजासंख्या तीच राहते. हे संमीलन रॉबर्टसनी म्हणून ओळखले जाते, कारण विल्यम रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यांची सामग्री होती नाकतोडे. गुणसूत्रशास्त्राच्या प्रारंभीच्या कितीतरी संकल्पना कीटकांच्या पेशींतून आल्या आहेत, हे मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच आठवले जाते. दुसरा बदल व्युत्क्रमणाचा. गुणसूत्राचा मधला तुकडा, गुणसूत्रबिंदूसह, तुटून उलट्या दिशेने पुन्हा जोडला गेला तर गुणसूत्रबिंदूची जागा सरकते आणि एकभुजी गुणसूत्र द्विभुजी होऊ शकते. तेव्हा संख्या स्थिर राहते आणि भुजा वाढतात. तिसऱ्या प्रकारात एका गुणसूत्राचे टोक दुसऱ्याच्या बुंध्याला चिकटते. यात संख्या आणि भुजा दोन्ही घटतात. याचे उदाहरण आपल्या गोठ्यात आहे. मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी या नदी-म्हशींत ५० गुणसूत्रे असतात, तर आसाम व ईशान्येकडील दलदलीच्या म्हशींत ४८, कारण त्यांच्यात ४ आणि ९ क्रमांकांची गुणसूत्रे अशा रीतीने एकापुढे एक जोडली गेली आहेत. दोहोंच्या संकरात ४९ येतात.

नाईलच्या खोऱ्यातील आकडे

हत्तीमाशांच्या गणातील गुणसूत्रांचा तुलनात्मक अभ्यास जपानचे तेरुया उयेनो यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर बराच काळ या विषयात फारशी भर पडली नाही. २०२० पर्यंत केवळ नऊ प्रजातींतील प्रत्येकी एका जातीची माहिती उपलब्ध होती. त्या वर्षी सर्गेई सिमानोव्स्की आणि त्यांच्या रशियन व इथिओपियन सहकाऱ्यांनी श्वेत नाईलच्या खोऱ्यातील आणखी पाच जातींची गुणसूत्रे वर्णिली. ब्रेव्हिमायरस नायगरमध्ये ४८ गुणसूत्रे व ५४ भुजा आढळल्या. सायफोमायरस पेथेरिसी, हिप्पोपोटॅमायरस पिक्टस आणि मार्कुसेनियस सायप्रिनॉइडेस या तिघांत गुणसूत्रे प्रत्येकी ५०, परंतु भुजा अनुक्रमे ७२, ७८ आणि ७६. मॉर्मिरॉप्स अँग्विलॉइडेसमध्ये ५२ गुणसूत्रे आणि ५२ भुजा, म्हणजे एकूण एक गुणसूत्र एकभुजी.

वजाबाकी करून पाहण्यासारखी आहे. भुजासंख्येतून गुणसूत्रसंख्या वजा केली की द्विभुजी गुणसूत्रे किती ते कळते. हिप्पोपोटॅमायरसमध्ये ती २८, मार्कुसेनियसमध्ये २६, सायफोमायरसमध्ये २२, ब्रेव्हिमायरसमध्ये अवघी ६ आणि मॉर्मिरॉप्समध्ये शून्य. गुणसूत्रसंख्या ४८ ते ५२ च्या अरुंद पट्ट्यात राहिली आणि भुजासंख्या ५२ पासून ७८ पर्यंत पसरली. यावरून संमीलनांपेक्षा व्युत्क्रमणांनी या कुलात अधिक काम केले आहे, असा निष्कर्ष त्या पाच जातींपुरता सहज निघत होता. याच संशोधकांनी मॉर्मिरॉप्सची रचना कुलाच्या मूळ अवस्थेच्या जवळची असावी असे सुचवले. या सूचनेला आधार आहे. डीएनएवर आधारित वंशवृक्षात पेट्रोसेफॅलस ही प्रजाती इतर सर्वांपासून प्रथम वेगळी होते आणि उरलेल्यांत मॉर्मिरॉप्स लवकर फुटलेल्या शाखांपैकी आहे. तरीही लवकर फुटलेल्या शाखेने जुनी रचना जशीच्या तशी जपली असेलच असे नाही. ती शाखाही इतरांइतकीच वर्षे बदलत आली आहे. ही सूचना गृहीतक म्हणूनच वापरली पाहिजे, आणि संशोधकांनीही ती तशीच मांडली आहे.

पुढच्याच वर्षी चाळिसाचे आकडे आले. हायपेरोपिससमध्ये ४० गुणसूत्रे व ६६ भुजा, पॉलिमायरस इसिडोरीमध्ये ४० व ७२, आणि पूर्वी नोंदलेल्या अनामिक पॉलिमायरसमध्ये ४० व केवळ ४२. मूळ अवस्था ५२ गुणसूत्रे व ५२ भुजा अशी धरली तर या तिघांपर्यंत पोहोचण्यास किमान किती बदल लागतील, याचा हिशेब वाचकालाही कागदावर मांडता येईल. गुणसूत्रे जोडीने असल्याने प्रत्येक स्थिरावलेले संमीलन संख्या दोनाने घटवते. ५२ वरून ४० वर येण्यास सहा संमीलने हवीत. ती सर्व रॉबर्टसनी असतील तर १२ द्विभुजी व २८ एकभुजी गुणसूत्रे उरतील आणि भुजा ५२ च राहतील. हायपेरोपिससमध्ये भुजा ६६ आहेत, म्हणजे १४ अधिक. त्यासाठी आणखी किमान सात व्युत्क्रमणे. पॉलिमायरस इसिडोरीमध्ये २० अधिक, म्हणजे किमान दहा.

अनामिक जातीचा हिशेब मात्र या वाटेने जुळत नाही. तिच्यात ४० पैकी ३८ गुणसूत्रे एकभुजी आणि फक्त दोन, म्हणजे एकच जोडी, द्विभुजी आहे. सहा रॉबर्टसनी संमीलनांनी सहा द्विभुजी जोड्या व्हायला हव्या होत्या. पाच जोड्यांच्या दुसऱ्या भुजा गेल्या कोठे? एक शक्यता अशी की संमीलनानंतर उलट दिशेची व्युत्क्रमणे होऊन गुणसूत्रबिंदू पुन्हा टोकाकडे सरकले. दुसरी अशी की म्हशींप्रमाणे टोकाला बुंधा जोडणारी संमीलने झाली. साध्या गिम्सा रंगावरून या दोहोंत निवड करता येत नाही. प्रत्येक मूळ गुणसूत्राचा डीएनए वेगळ्या चकाकत्या रंगाने चिन्हांकित करणारी, गुणसूत्रचित्रण नावाने ओळखली जाणारी पद्धत त्यासाठी वापरावी लागेल.

येथे एक आक्षेप रास्त आहे. कोणते गुणसूत्र एकभुजी धरायचे आणि कोणते द्विभुजी, यात निरीक्षकाच्या नजरेचा भाग असतो. लेव्हान आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये लांब व आखूड भुजांच्या गुणोत्तरावरून नामकरणाची मोजपट्टी ठरवून दिली असली, तरी कॉल्चिसिनचा परिणाम अधिक झाला की गुणसूत्रे आखडतात आणि बारीक भुजा दिसेनाशी होते. निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या भुजासंख्येत चार-सहाचा फरक पडला तर त्यावर सिद्धांत उभारू नये. परंतु ४२ आणि ७२ यांतील अंतर तीसचे आहे. ते नजरेच्या फरकाने भरून निघणारे नाही.

एकच आकडा, दोन वाटा

हायपेरोपिसस आणि पॉलिमायरस यांचे वंशवृक्षातील स्थान पाहिले तर ते शेजारी नाहीत. दोहोंच्या मध्ये अशा प्रजाती येतात ज्यांची गुणसूत्रसंख्या ४८ किंवा ५० आहे. त्यामुळे मूळ अवस्था ५० ते ५२ एकभुजी गुणसूत्रांची होती हे मान्य केल्यास, ४० ही संख्या दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे आली असे मानावे लागते. समान आकडा म्हणजे समान वारसा, हा सरधोपट निष्कर्ष येथे चालत नाही. याच गणातील जिम्नार्कस निलोटिकसमध्ये ३४ गुणसूत्रे आहेत, आणि आशियातील चितळ व फोली या दोन्ही माशांत ४२. संख्या घटण्याची क्रिया या गणात अनेकदा आणि वेगवेगळ्या ठिकाणी घडलेली दिसते. केवळ आकड्यांची तुलना केली तर फोलीचे ४२ आणि पॉलिमायरसचे ४० यांत जवळीक वाटेल, जी मुळीच नाही.

पॉलिमायरसच्या दोन जातींची तुलना याहून महत्त्वाची आहे, कारण तेथे प्रश्न पूर्वजांचा नसून आज पाण्यात असलेल्या माशांचा आहे. दोन्ही एकाच प्रदेशात, दोन्ही लहान, दोन्हींत गुणसूत्रे ४०. समजा, त्यांचा संकर झाला. संकराच्या पेशीत एकीकडून ३६ भुजांचा संच येईल आणि दुसरीकडून २१ भुजांचा. अर्धसूत्री विभाजनात समजात गुणसूत्रे जोडीने जुळावी लागतात. एक सरळ आणि एक व्युत्क्रमित अशी जोडी वेटोळे घालून जुळते खरी, परंतु त्या वेटोळ्यात जनुकांची अदलाबदल झाली तर निम्म्या युग्मकांत काही भाग दुप्पट आणि काही भाग गायब असतो. एका जोडीत असे झाले तर प्रजननक्षमता थोडी घटेल. निदान पंधरा भुजांच्या फरकाएवढ्या जोड्यांत झाले तर सुदृढ युग्मक तयार होणे जवळजवळ अशक्य. म्हणून या दोन माशांना एकाच जातीचे स्थानिक प्रकार समजता येत नाही, असे ठामपणे म्हणण्यास गुणसूत्रांचा पुरावा पुरेसा आहे. नर पॉलिमायरस मादीला आकर्षित करण्यासाठी विद्युत्-स्पंदांखेरीज आवाजही काढतो. जोडीदार ओळखण्याच्या या दोन खुणा निरनिराळ्या जातींना प्रथमपासूनच दूर ठेवीत असाव्यात. गुणसूत्रांची भिंत त्यानंतर येते.

कीटकशास्त्रात याचे सुपरिचित उदाहरण ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस या हिवतापाच्या डासाचे. भारतात ग्रामीण हिवतापाचा प्रमुख वाहक म्हणून तो एकच डास समजला जाई. १९८० च्या सुमारास त्याच्या बहुसूत्री गुणसूत्रांवरील व्युत्क्रमणांच्या अभ्यासातून तो अनेक जातींचा समूह असल्याचे उघड झाले. बाह्यरूप सारखे, गुणसूत्रसंख्या सारखी, आणि तरीही त्यांतील बी ही जाती हिवताप पसरवण्यात अगदी दुबळी. गुणसूत्रांचा क्रम वाचला नसता तर जो डास फारसा अपाय करीत नाही त्याच्यावर फवारणीचा खर्च होत राहिला असता.

मत्स्यशेतीसाठी

भारतीय मत्स्यव्यवसायात हा मुद्दा दोन उलट टोकांनी भेटतो. कटला, रोहू आणि मृगळ या तिन्ही प्रमुख कार्पमध्ये गुणसूत्रे ५०. त्यांचे परस्पर संकर होतात आणि संकराची पिल्ले पुढे प्रजननक्षमही असतात. म्हणून बीजकेंद्रात एकाच कुंडात निरनिराळे प्रजनक सोडले, की शुद्ध बीज म्हणून विकले जाणारे बीज शुद्ध राहत नाही, आणि गुणसूत्रे मोजून तो घोटाळा पकडताही येत नाही. तेथे डीएनए चिन्हके वापरावी लागतात. देशी मागूर आणि आफ्रिकेतून आलेला, थाई मांगूर या नावाने विकला जाणारा क्लॅरिअस गॅरिपिनस यांची गोष्ट वेगळी. देशी मागुरात ५० गुणसूत्रे, गॅरिपिनसमध्ये ५६. या मांगुराच्या पालनावर देशात बंदी आहे, तरी त्याचे बीज लहान आकारात देशी म्हणून खपवले जाते. तेथे साधी गुणसूत्र-मोजणीसुद्धा निर्णायक पुरावा देते; अर्थात ती करण्यासाठी जिवंत मासा आणि प्रशिक्षित हात हवा. मृत किंवा बर्फातील मासा त्या कामाचा नाही, आणि बाजारातील तपासणीत नेमकी हीच मर्यादा आडवी येते. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने भारतीय माशांच्या गुणसूत्रांच्या नोंदी संकलित केल्या आहेत. परप्रांतीय मासा ओळखण्यासाठी अशा नोंदींचा पाया लागतो.

वीज आणि गुणसूत्रे

हत्तीमाशांच्या विजेचा उलगडा गुणसूत्रांच्या संख्येतून होईल अशी अपेक्षा ठेवू नये. विद्युत्-अवयवाशी संबंधित बदल त्याहून सूक्ष्म पातळीवर, एकेका जनुकात, सापडले आहेत. हाडांच्या माशांच्या पूर्वजात तीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी संपूर्ण जनुकसंचच दुप्पट झाला होता. त्यामुळे स्नायूतील सोडियम वाहिनीच्या जनुकाच्या दोन प्रती झाल्या. आफ्रिकेतील हत्तीमाशांत आणि दक्षिण अमेरिकेतील विद्युत्-माशांत, एकमेकांशी संबंध नसताना, त्यांपैकी एक प्रत स्नायूच्या कामातून मोकळी होऊन विद्युत्-अवयवात कार्यरत झाली आणि वेगाने बदलत गेली. स्नायूचे काम दुसरी प्रत करीतच राहिली. डार्विनच्या पेचातील एक गाठ येथे सुटते : जुने काम न बिघडवता नवे काम शिकण्यासाठी शिल्लकीची प्रत हाताशी होती. पॅरामॉर्मिरॉप्स किंग्सलेई या जातीचा जनुकसंच २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून असा अभ्यास अधिक नेमका झाला आहे.

तरीही सूक्ष्मदर्शकाखालील गुणसूत्रचित्र कालबाह्य झालेले नाही. जनुकसंचाचे वाचन तुकड्यातुकड्यांनी होते. ते तुकडे किती गुणसूत्रांत आणि कोणत्या क्रमाने रचायचे, हे पडताळून पाहताना प्रत्यक्ष मोजलेली संख्या हाताशी असावी लागते. संगणकाने २१ जोड्या जुळवल्या आणि पेशीत २० दिसल्या, तर चूक कोठे शोधायची ते कळते.

२०२१ मधील अभ्यासापूर्वी २२ पैकी १४ प्रजातींतील १७ जातींची गुणसूत्रे ज्ञात होती, त्यांत हायपेरोपिससची आणि पॉलिमायरस इसिडोरीची भर पडली. सुमारे २३० जातींच्या कुलात हे प्रमाण फारच अल्प आहे. अनामिक पॉलिमायरसची गुणसूत्रे मोजली गेली, त्यांच्या भुजाही मोजल्या गेल्या, आणि नाव मात्र अजून दिलेले नाही. नाव नसलेल्या जातीचा समावेश संरक्षणाच्या कोणत्याही यादीत होत नाही, मत्स्योत्पादनाच्या नोंदीत ती शेजारच्या जातीच्या नावाखाली जाते, आणि तिच्या गुणसूत्रांचा आकडा ज्या माशावरून आला तो संग्रहालयातील जतन केलेला नमुना हाच तिची ओळख पटवण्याचा दुवा असतो. तो नमुना, त्याच्या पकडीचे ठिकाण व त्याची काचपट्टी एकाच क्रमांकाने जोडलेली असली, तर पुढे केव्हाही त्याचे वर्णन करता येते. गुणसूत्रांसाठी मासा वा कीटक मारण्यापूर्वी तो क्रमांक वहीत लिहून ठेवावा.